सीसीआयमधली बसायची जागा

मुंबईत क्रिकेटवरून जी मोठी भांडणं झाली, त्यातली बरीचशी खेळावरून झालेली नाहीत. ती बसायच्या जागेवरून झाली. कुणाला किती खुर्च्या मिळणार, कोण कुठल्या दारानं आत येणार, कोण पंख्याखाली बसणार आणि कोण उन्हात. ब्रेबर्न स्टेडियमचा इतिहास वाचताना मला हे पुन्हा पुन्हा जाणवत राहतं. धावा, बळी, विक्रम सगळं आहेच. पण या मैदानाच्या आयुष्याला जी दोन-तीन मोठी वळणं मिळाली, त्यांच्या मुळाशी कुठे ना कुठे तिकिटं आणि खुर्च्या आहेत.

चर्चगेट स्टेशन आणि मरीन ड्राइव्ह यांच्या मधे हे मैदान आहे. नवख्या माणसाला ते पटकन दिसत नाही. आजूबाजूच्या जुन्या इमारतींत ते इतकं मुरून गेलंय, की खाली दुकानं, वर गोलाकार सज्जे, एवढंच रस्त्यावरून नजरेत येतं. वानखेडेचं तसं नाही, लोकलमधूनही त्याचं छप्पर आणि दिव्यांचे खांब दिसतात. ब्रेबर्नच्या भिंतीच्या आत एवढी हिरवळ आहे हे ऐकून माझ्या नागपूरच्या मामेभावाला खरंच वाटेना. जुनी मुंबईकर मंडळी त्याला ब्रेबर्न म्हणतच नाहीत. त्यांच्या लेखी ते ‘सीसीआय’. म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडिया. मैदान क्लबच्या मालकीचं, आणि पुढचं सगळं रामायण याच मालकीतून घडलं.

पण आधी त्याच्या आधीचं. दक्षिण मुंबईतल्या मोकळ्या मैदानांवर हिंदी माणसं क्रिकेट खेळत होती ती 19व्या शतकापासून. त्याच मैदानावर गोरे साहेब पोलो खेळायचे, घोड्यांच्या टापांनी खेळपट्टी उखडायची, आणि त्याविरुद्ध अर्ज-विनंत्या करण्यात पारशी आणि हिंदू क्लबांची कितीतरी वर्षं गेली. शेजारी 1875 साली उभा राहिलेला बॉम्बे जिमखाना होता. तिथं हिंदी माणसाला सभासद होता येत नसे. भारतातला पहिला कसोटी सामना डिसेंबर 1933 मध्ये याच जिमखान्यावर झाला, लाला अमरनाथांनी तिथं 118 धावा केल्या, मैदान डोक्यावर घेतलं गेलं. ज्या क्लबात अमरनाथांना सभासद म्हणून पाऊल ठेवता आलं नसतं, त्याच्या अंगणात त्यांनी देशाचं पहिलं कसोटी शतक ठोकलं. प्रेक्षकांसाठी त्यावेळी तात्पुरते मांडव उभारले होते.

त्याच वर्षी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची नोंदणी झाली, तीही दिल्लीत. लंडनला एमसीसी आहे आणि तिचं लॉर्ड्स आहे, तसा आपलाही एक क्लब असावा आणि त्याचं एक मैदान असावं, ही कल्पना. त्यामागचा धडपड्या माणूस म्हणजे अँथनी डिमेलो. मैदान अखेर मुंबईत करायचं ठरलं, कारण इथं बॅकबेमध्ये समुद्र हटवून नवी जमीन तयार झाली होती. जमीन सरकारची. सरकार म्हणजे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न. त्यांची भेट घेऊन डिमेलोंनी काय विचारलं याचा किस्सा क्रिकेटच्या गप्पांत हमखास निघतो : साहेब, खेळाडूंकडून तुम्हाला काय आवडेल, सरकारसाठी पैसे की स्वतःसाठी अमरत्व? साहेबांनी अमरत्व निवडलं आणि सुमारे 90,000 चौरस यार्ड जमीन चौरस यार्डाला साडेतेरा रुपये दरानं क्लबला मिळाली. त्या जागेचा आजचा भाव डोळ्यांसमोर आणला, तर साहेबांनी सरकारला काय घाट्यात घातलं हे लक्षात येतं.

22 मे 1936 ला ब्रेबर्न यांनी स्वतः कोनशिला बसवली. 7 डिसेंबर 1937 ला मैदान सुरू झालं, पण तोवर ते बंगालचे गव्हर्नर होऊन गेले होते, त्यामुळे उद्घाटन नवे गव्हर्नर रॉजर लम्ली यांच्या हातून झालं. पहिला सामना लॉर्ड टेनिसन यांच्या संघाशी. आणि फेब्रुवारी 1939 मध्ये लॉर्ड ब्रेबर्न कलकत्त्यात वारले. डिमेलोंनी मात्र शब्द पाळला. मुंबईतल्या किती गव्हर्नरांची नावं रस्त्यांवरून, चौकांवरून पुसली गेली, हे एक नाव राहिलं.

तर, मैदान उभं राहिलं आणि पहिल्याच हंगामात भांडण झालं. मुंबईची तेव्हाची सगळ्यात मोठी स्पर्धा म्हणजे धर्मावर आधारलेले संघ : युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम. 1937 पासून ‘रेस्ट’ नावाचा, म्हणजे उरलेल्या समाजांचा, पाचवा संघ आला आणि स्पर्धेला पंचरंगी म्हणू लागले. ती बॉम्बे जिमखान्यावरून या नव्या स्टेडियममध्ये आली. आता मांडव ठोकण्याची गरज नव्हती, सिमेंटचे पक्के स्टँड होते. पण त्या पक्क्या स्टँडमध्ये जागा कुणाला किती? सीसीआयचे स्वतःचे सभासद होते, त्यांचा वाटा आधी. मग उरलेल्यात जिमखान्यांचा. हिंदू जिमखान्याचं म्हणणं, आमचे प्रेक्षक सगळ्यांत जास्त, आमच्या वाट्याला इतक्या कमी खुर्च्या का? तडजोड झाली नाही. हिंदू संघानं त्या वर्षी स्पर्धेवर बहिष्कार टाकला. साहेबाच्या जिमखान्याचा जाच संपावा म्हणून उभारलेल्या मैदानावर पहिली पंचरंगी हिंदूंशिवाय झाली.

पुढल्या वर्षी समेट झाला, पण ती स्पर्धा फार काळ सुखानं चालली नाही. डिसेंबर 1940 मध्ये हिंदू जिमखान्याचे काही लोक गांधीजींचा सल्ला घ्यायला वर्ध्याला गेले. युरोपात युद्ध पेटलंय, इथं सत्याग्रही तुरुंगात जातायत, अशा वेळी हा उत्सव करू नये आणि धर्मावर संघ पाडण्याची पद्धत तर खेळातून जावीच, अशा अर्थाचं त्यांचं उत्तर होतं. हिंदू संघ त्या वर्षीही उतरला नाही. पुढल्या वर्षांत तो परतला : मैदानाबाहेर निदर्शनं, वर्तमानपत्रांतून वाद, आणि तरीही तिकिटांना गर्दी. मुंबईकराचं हे दुटप्पीपण मला ओळखीचं वाटतं. स्पर्धा वाईट आहे हे मान्य, पण मर्चंट खेळतोय तर बघायला नको?

विजय मर्चंट हे या मैदानाचं खरं पात्र. त्यांचं नाव या गोष्टीत शेवटपर्यंत येत राहील, आणि दर वेळी वेगळ्या वेषात. 1943 च्या पंचरंगीत ते हिंदूंकडून खेळत होते. त्याच स्पर्धेत आधी विजय हजारेंनी मुस्लिम संघाविरुद्ध 248 धावा केल्या होत्या. अंतिम सामना हिंदू आणि रेस्ट यांच्यात. मर्चंट नाबाद 250, म्हणजे हजारेंच्या पुढे दोनच धावा. हिंदूंनी 5 बाद 581 वर डाव सोडला. रेस्टचा पहिला डाव 133 मध्ये आटोपला. दुसऱ्या डावात हजारे उभे राहिले.

हजारे सांगलीचे. मराठी, ख्रिस्ती कुटुंबातले, म्हणून ‘रेस्ट’मध्ये. त्यांनी 309 धावा केल्या. संघाच्या एकूण धावा 387. एका टोकाला त्यांचा भाऊ विवेक हजारे येऊन उभा राहिला आणि दोघांनी सहाव्या गड्यासाठी 300 धावा जोडल्या. त्यातल्या विवेकच्या किती? 21. या 21 धावांबद्दल फार कुणी लिहीत नाही. पण मला त्या 309 हून थोड्या जास्तच आवडतात. दुसऱ्या टोकाला दादा विक्रम करतोय, आपण फक्त आपली यष्टी सांभाळायची, एखादी धाव काढून त्याला समोर आणायचं, आणि हे तासन् तास. रेस्ट तो सामना डावानं हरली. हारलेल्या सामन्यातली ही भागीदारी आजही सांगितली जाते आणि जिंकलेल्या संघातली बाकीची नावं आठवावी लागतात.

पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात मुस्लिम संघानं हिंदूंना एका गड्यानं हरवलं. 1946 नंतर स्पर्धा बंद झाली, ते बरंच झालं. पण एवढ्या विषारी वर्षांत त्या एका गड्याच्या विजयाला मैदानानं टाळ्या दिल्या असं जे लिहून ठेवलंय, तेही खरं असणार, कारण त्या काळच्या अनेकांनी ते सांगितलं आहे.

मार्च 1945 चा रणजी अंतिम सामना मी एका परिच्छेदात उरकणार आहे, कारण आकड्यांनी दमछाक होते. मुंबई विरुद्ध होळकर, म्हणजे इंदूर संस्थानाचा संघ. मुंबई 462 आणि 764. होळकर 360 आणि 492. एकूण 2078 धावा. मर्चंट 278. होळकरकडून सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली चक्क इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन खेळत होता, कारण युद्धामुळे त्याची नेमणूक महूच्या छावणीत होती. त्यानं नाबाद 249 केल्या आणि तरी मुंबई 374 धावांनी जिंकली. गोलंदाजांचं काय झालं असेल याचा विचार न केलेला बरा.

देशाच्या स्वातंत्र्यानंतर इथं कसोटी सामने सुरू झाले. फेब्रुवारी 1949 चा वेस्ट इंडिजविरुद्धचा पाचवा सामना. जिंकायला 361 हव्यात. हजारेंचं शतक, 122. मोदी 86. शेवटी दत्तू फडकर लढत राहिले. 8 बाद 355. सहा धावा हव्या होत्या, आणि षटक पुरं झालेलं नसताना पंचांनी बेल्स उचलून खेळ संपवला. भारतानं तोवर एकही कसोटी जिंकली नव्हती. पहिला विजय मिळायला पुढे 1952 उजाडावं लागलं, तेही मद्रासला. सहा धावा आणि एक-दोन चेंडू. आजच्यासारखी डिजिटल घड्याळं आणि मोठ्या पडद्यावरची उलटी मोजणी असती, तर त्या पंचांना ही गफलत करताच आली नसती.

आमच्या बाबांच्या वाट्याला आलेलं ब्रेबर्न त्यानंतरचं. फोर्टमधल्या एका कचेरीत ते कारकून होते आणि कचेरीतल्या कुणाच्या तरी ओळखीनं एका दिवसाचं तिकीट मिळवणं ही त्यांची हातोटी होती. पूर्ण पाच दिवसांचा सामना त्यांनी आयुष्यात कधी पाहिला नाही. एक दिवस स्टँडमध्ये, उरलेले चार रेडिओजवळ. ऑक्टोबर 1964 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध शेवटच्या दिवसाचं तिकीट त्यांना मिळालं. त्या दिवशी दसरा होता. घरी आजीनं पूजा मांडलेली, आपट्याची पानं आणून ठेवलेली, आणि घरातला कर्ता मुलगा सकाळीच डबा घेऊन पसार. 254 धावा हव्या होत्या. पतौडी आणि विजय मांजरेकर यांनी डाव सावरला, दोघेही बाद झाले, 8 बाद 224. मग पुण्याचे चंदू बोर्डे आणि यष्टिरक्षक इंद्रजितसिंहजी. दोन गडी राखून भारत जिंकला. बाबा घरी पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. आजीनं विचारलं, सोनं कुठेय? बाबा म्हणाले, बोर्ड्यानं वाटलं. हे वाक्य आमच्या घरात पुढे कित्येक दसऱ्यांना ऐकावं लागलं.

जानेवारी 1960 ची ऑस्ट्रेलियाविरुद्धचीही एक गोष्ट ते सांगायचे, पण त्यात ते स्वतः किती होते याची मला कायम शंका आली. अब्बास अली बेग, वीस वर्षांचा, ऑक्सफर्डमध्ये शिकणारा, दोन्ही डावांत अर्धशतक. दुसऱ्या डावात अर्धशतक झालं तेव्हा नॉर्थ स्टँडमधून एक तरुणी धावत मैदानात आली आणि तिनं त्याच्या गालाचं चुंबन घेतलं. रेडिओवर समालोचन करताना विजय मर्चंट म्हणाले म्हणतात, मी शतकं आणि द्विशतकं काढत होतो तेव्हा या धाडसी मुली कुठे होत्या? त्या दिवशी आपण तिथं होतो असं सांगणाऱ्या मुंबईकरांची बेरीज केली, तर ब्रेबर्नमध्ये लाखभर लोक मावत असावेत.

या गोष्टीचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. त्याच वर्षाच्या अखेरीस पाकिस्तानचा संघ आला. बेगच्या धावा झाल्या नाहीत. मग त्याला पत्रं येऊ लागली, त्याच्या धर्मावरून, त्याच्या निष्ठेवरून, विषारी. संघातून त्याला वगळलं गेलं. पंचरंगी स्पर्धा कागदावरून गेली होती, स्टँडमधून आणि पोस्टाच्या पेटीतून गेली नव्हती.

प्रेक्षक भोळा आणि उमदा होता वगैरे म्हणणाऱ्यांनी 1969 आठवावं. पुन्हा ऑस्ट्रेलिया. वेंकटराघवनला यष्टीमागे झेलबाद दिलं. रेडिओवर समालोचकानं निर्णयाबद्दल शंका घेतली, आणि स्टँडमध्ये तर घरोघरचे ट्रान्झिस्टर आलेले. म्हणजे जे डोळ्यांना दिसलं नव्हतं ते कानांनी कळलं. बाटल्या, खुर्च्या, मग आग. धूर मैदानावर पसरला आणि त्या धुरात खेळ चालू राहिला. तिकीट काढून ज्या खुर्चीवर हक्क मिळवला, तीच उचलून पेटवायची, हे त्या दिवशी पाहिलेल्या लोकांनी पुढे कधी अभिमानानं सांगितलं नाही. बाबा त्या दिवशी रेडिओजवळ होते. समालोचकाचा आवाज चढला तेव्हा आपणही खुर्चीतून उठलो होतो, एवढं मात्र त्यांनी कबूल केलं.

या सगळ्या काळात आतल्या बाजूला, म्हणजे क्लबहाउसमध्ये, एक वेगळंच जग चालू होतं. पाहुण्या संघांना राहायला इथंच खोल्या होत्या. सकाळी उठून खेळाडू जिना उतरला की मैदान. संध्याकाळी बाद होऊन वर गेला की आपल्याच खोलीच्या सज्जातून उरलेला खेळ बघत बसावं. वेताच्या खुर्च्या, चहाचे ट्रे, सभासद आणि त्यांचे पाहुणे. जगात फार थोड्या कसोटी मैदानांना हे सुख होतं, आणि जुने परदेशी खेळाडू ब्रेबर्नचं नाव काढलं की खेळपट्टीआधी त्या खोल्यांबद्दल बोलतात. मला हे वाचायला आवडतं आणि थोडं टोचतंही. कारण आमचं सगळं ब्रेबर्न कुंपणाच्या अलीकडचं.

डिसेंबर 1966 मध्ये अजित वाडेकरांनी कसोटी पदार्पण केलं ते याच मैदानावर. त्याच सामन्यात वेस्ट इंडिजच्या क्लाइव्ह लॉइडनंही. फेब्रुवारी 1973 मध्ये इंग्लंडविरुद्ध इथं कसोटी झाली तेव्हा वाडेकर भारताचे कर्णधार होते आणि इंग्लंडमध्ये व वेस्ट इंडिजमध्ये जिंकून आलेले होते. त्याआधीच्या कानपूरच्या सामन्यातून सलीम दुराणीला वगळलं होतं. लोकांनी फलक झळकवले, दुराणी नाही तर कसोटी नाही. त्याला घेतलं गेलं, आणि त्यानं 73 आणि 37 केल्या. विश्वनाथचं शतक झाल्यावर सहा फूट सहा इंचांच्या टोनी ग्रेगनं त्या छोट्याशा माणसाला कवेत घेऊन बाळासारखं जोजवलं, ते छायाचित्र अनेकांनी पाहिलं असेल. इंजिनीअरचंही शतक. सामना अनिर्णित, मालिका भारताची. मुंबईकर खूश होऊन घरी गेले. पुढली कसोटी या मैदानावर बघायला आपल्याला 36 वर्षं थांबावं लागणार आहे, याची कुणालाही कल्पना नव्हती.

कारण आत खुर्च्यांचं भांडण पुन्हा पेटलं होतं. मुंबईतले सामने भरवायचे बॉम्बे क्रिकेट असोसिएशननं आणि मैदान सीसीआयचं. असोसिएशनला आपल्या क्लबांसाठी, आपल्या लोकांसाठी जास्त जागा हव्या होत्या. शिवाजी पार्क, दादर, गिरगाव, माटुंगा, जिथून मुंबईचे खेळाडू येत, त्या क्लबांना आपल्याच पोरांना बघायला तिकीट मिळू नये? सीसीआय म्हणे, आमचे सभासद आधी. असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे, विदर्भातले, तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष. आणि सीसीआयच्या वतीनं समोर कोण, तर विजय मर्चंट. चर्चेत मर्चंट यांनी वानखेड्यांना तुम्ही तुमचं स्टेडियम बांधून घ्या असं सुनावलं, असं सांगितलं जातं. शब्द नेमके काय होते ते सोडा. वानखेड्यांनी खरंच बांधलं. सीसीआयपासून पायी दहा मिनिटांवर, रेल्वेच्या रुळांलगत, शशी प्रभू या तरुण वास्तुविशारदाच्या आराखड्यावर, वर्ष-दीड वर्षाच्या आत.

मला या भांडणात कुणाची बाजू घ्यावी हे कधी नीट ठरवता आलेलं नाही. मनानं मी असोसिएशनबरोबर आहे. ज्या क्लबांच्या पोरांनी मुंबईला ओळीनं 15 वेळा रणजी जिंकून दिली, त्यांना दारात उभं करणं हा उद्दामपणाच होता. पण डोळ्यांना ब्रेबर्न आवडतं, हेही खरं. वानखेडे लोकांसाठी बांधलं आणि लोकांना तिथं जाळ्यांच्या पिंजऱ्याआड बसवलं. जानेवारी 1975 मध्ये तिथं पहिली कसोटी झाली. ब्रेबर्नवर पदार्पण केलेल्या लॉइडनं नाबाद 242 केल्या. द्विशतकाच्या वेळी एक चाहता हात मिळवायला धावत आत गेला, पोलिसांनी त्याला झोडपलं आणि प्रेक्षक खवळले, दंगल झाली. पंधरा वर्षांपूर्वी बेगकडे धावत गेलेल्या मुलीला कुणी काठी मारली नव्हती. तिथं मैदान क्लबचं होतं म्हणून, ती मुलगी होती म्हणून, की काळच वेगळा होता म्हणून, सांगता येत नाही.

आणि आणखी एक. आज वानखेडेवर जाल तर एका स्टँडला नाव आहे विजय मर्चंट यांचं. मुंबईचं भांडण असंच असतं.

पुढची तीन दशकं ब्रेबर्नवर कसोटी नाही. भारतीय क्रिकेट मंडळाची कचेरी मात्र अनेक वर्षं याच इमारतीत होती, म्हणजे देशाच्या क्रिकेटचा कारभार खिडकीतून दिसणाऱ्या रिकाम्या कसोटी मैदानाकडे बघत चालायचा. रिकामं म्हणजे अगदी ओसाड नव्हे. जानेवारी 1987 मध्ये क्लबच्या सुवर्णमहोत्सवी सामन्यात इम्रान खानच्या पाकिस्तानी संघाला क्षेत्ररक्षणाला एक पोरगा कमी पडला, तेव्हा 13 वर्षांचा सचिन तेंडुलकर त्यांच्याकडून उभा राहिला. त्यानंतर थोड्याच काळात तो सीसीआयच्या संघातून खेळू लागला. अठराच्या आतल्या मुलांना क्लबहाउसमध्ये येऊ न देण्याचा नियम होता. तो नियम त्याच्यासाठी वाकवला गेला, आणि त्यात माधव आपटे, राजसिंह डुंगरपूर यांच्यासारख्यांचा हात होता. ज्या क्लबनं मुंबईच्या असोसिएशनसाठी खुर्च्या मोकळ्या केल्या नाहीत, त्यानं साहित्य सहवासातल्या एका प्राध्यापकाच्या मुलासाठी दार उघडलं. फेब्रुवारी 1998 मध्ये त्यानं परतफेड केली. मुंबई विरुद्ध ऑस्ट्रेलिया, तेंडुलकर नाबाद 204, प्रथम श्रेणीतलं त्याचं पहिलं द्विशतक. शेन वॉर्नच्या 16 षटकांत 111 धावा आणि बळी शून्य. मुंबई दहा गडी राखून जिंकली. त्यानंतरच्या कसोटी मालिकेत वॉर्नचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचा पहिला अंक कसोटी नसलेल्या या मैदानावर झाला.

राजसिंह डुंगरपूर स्वतः सीसीआयमध्येच राहत आणि कित्येक वर्षं क्लबचे अध्यक्ष होते. ब्रेबर्नवर पुन्हा कसोटी व्हावी हा त्यांचा ध्यास. सप्टेंबर 2009 मध्ये ते गेले. आणि डिसेंबरमध्ये कसोटी आली. 2011 च्या विश्वचषकासाठी वानखेडेची दुरुस्ती चालू होती, हे त्याचं कारण. राजसिंहांचं तीनच महिन्यांनी हुकलं.

श्रीलंकेविरुद्धच्या त्या सामन्यातला दुसरा दिवस मी पाहिला. गुरुवार होता, कचेरीत काय कारण सांगितलं ते आता आठवत नाही. आदल्या दिवसाअखेर श्रीलंकेनं बऱ्यापैकी धावा केलेल्या, त्यांचा डाव 393 वर संपला. अँजेलो मॅथ्यूज 99 वर धावबाद झाला तेव्हा आमच्या स्टँडमध्ये लोकांनी खरंच हळहळ केली. मग वीरेंद्र सेहवाग. त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही, ज्यांनी त्याला बघितलंय त्यांना ते माहीत आहे. दिवस संपला तेव्हा तो 284 वर नाबाद, भारत 1 बाद 443. गोलंदाज कोण होता, मुरलीधरन होता की कुणी दुसरा, हे बघायची गरज पडत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मुरलीधरननंच 293 वर त्याला स्वतःच्या गोलंदाजीवर झेलबाद केलं. भारत 9 बाद 726, डाव आणि 24 धावांनी विजय, आणि कसोटी क्रमवारीत पहिल्यांदा पहिला क्रमांक.

पण मला त्या दिवसातलं जे जास्त आठवतं ते म्हणजे जवळीक. स्टँड बुटके, सीमारेषा समोर, आणि सेहवागचा चौकार सीमेबाहेरच्या फलकावर आदळला की लाकडावर बसलेला ठोका आम्हाला ऐकू यायचा. वानखेडेवर आवाज फार, पण तो गर्दीचा. इथं खेळाचा आवाज ऐकू येतो. शेजारी एक सत्तरीपुढचे गृहस्थ होते, शर्टाच्या खिशात चष्म्याची डबी. मी 1973 ला इथंच बसलो होतो, म्हणाले. आणि मग जरा थांबून, नाही, इथं नव्हे, तिकडे पलीकडे, हे तिकीट तेव्हा परवडत नव्हतं.

त्यानंतर इथं पुन्हा कसोटी झालेली नाही. महिला क्रिकेट मात्र बरंच झालं, आणि माझ्या मते या मैदानाला मिळालेला हा सगळ्यांत चांगला उपयोग आहे. 2013 चा महिला विश्वचषक इथं होता. रणजीच्या अंतिम सामन्यासाठी वानखेडे लागणार म्हणून सामने ब्रेबर्नवर आले, म्हणजे महिलांना दुसरी पसंती म्हणून हे मैदान मिळालं. भारत-श्रीलंका सामन्याला मी गेलो होतो. भारत 138 धावांनी हरला आणि स्पर्धेबाहेर गेला. त्या दिवशी स्टँडमध्ये हवी तिथं बसता येत होतं. ऊन आलं की सावलीत सरकायचं, पाय समोरच्या खुर्चीवर टाकायचे, कुणी काही म्हणायला नव्हतं. ज्या खुर्च्यांवरून हिंदू जिमखान्यानं बहिष्कार टाकला आणि वानखेड्यांनी वेगळं स्टेडियम बांधलं, त्या ओळीच्या ओळी मोकळ्या पडलेल्या. आधी मजा वाटली. जेवणाच्या सुट्टीनंतर वाटेनाशी झाली.

दहा वर्षांनी, मार्च 2023 मध्ये, महिला प्रीमियर लीगचा पहिला हंगाम. बायका-मुलींना प्रवेश फुकट ठेवलेला. संध्याकाळचा सामना होता, लोकल उशिरा आली, मी घाईघाईनं आत शिरलो आणि पहिली मोकळी खुर्ची पकडून बसलो. सवय 2013 ची. दोन षटकं झाली असतील, तेवढ्यात शाळेचे ट्रॅकसूट घातलेल्या सात-आठ मुलींचा घोळका आला, एकीच्या हातात घरी रंगवलेला हरमनप्रीतच्या नावाचा फलक. त्यातली सगळ्यांत लहान माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, काका, तुम्ही आमच्या जागेवर बसलाय. मी तिकीट काढून पाहिलं, तिचं बरोबर होतं. माझी जागा पाच ओळी वर, खांबाच्या बाजूला होती. तिथून फलंदाजाची ऑफ साइड नीट दिसत नाही.